ऐतिह्य आणि अवशेष : ‘हन्ली’ पाणबुडीभोवतीच्या दंतकथांची चिकित्सा

१

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात, नॉर्थ चार्ल्स्टन येथील नौदलाच्या जुन्या गोदीच्या आवारात, वॉरेन लॅश संवर्धन केंद्र नावाची प्रयोगशाळा आहे. तेथे एका मोठ्या टाकीत सुमारे चाळीस फूट लांबीची एक लोखंडी पाणबुडी ठेवलेली आहे. तिचे नाव ‘एच. एल. हन्ली’. अमेरिकन यादवी युद्धात, १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री, तिने चार्ल्स्टन बंदराबाहेर नाकेबंदीवर असलेली ‘हूसाटॉनिक’ ही उत्तरेची युद्धनौका बुडवली आणि त्याच रात्री ती स्वतःही आपल्या आठ माणसांसह नाहीशी झाली. लढाईत शत्रूची युद्धनौका बुडवणारी जगातील पहिली पाणबुडी म्हणून तिचे स्थान निश्चित आहे. १९९५ मध्ये ती समुद्रतळाच्या गाळाखाली सापडली, ८ ऑगस्ट २००० रोजी वर काढण्यात आली, आणि तेव्हापासून तिच्या लोखंडाचे संवर्धन व तिचे प्रदर्शन ही दोन्ही कामे एकाच छपराखाली चालू आहेत.

समुद्रातून वर येण्यापूर्वी ही पाणबुडी १३६ वर्षे पाण्याखाली होती. परंतु तिच्याविषयीचे बोलणे या काळात कधीच थांबले नव्हते. ती जुन्या बॉयलरपासून बनवली होती, तिच्यात नऊ माणसे होती, शत्रूची नौका बुडवल्यावर तिने किनाऱ्याला निळ्या कंदिलाने खूण केली, तिच्या कप्तानाच्या खिशात प्रेयसीने दिलेले सोन्याचे नाणे होते, अशा अनेक कथा छापील पुस्तकांतून आणि चार्ल्स्टनच्या तोंडातोंडी चालत आल्या. पाणबुडी हाती आल्यावर या कथांची परीक्षा करणे शक्य झाले. ती परीक्षा बहुधा दोन रकान्यांत मांडली जाते : एका बाजूला ‘समज’, दुसऱ्या बाजूला ‘वस्तुस्थिती’. काही कथा खोट्या ठरल्या, काही खऱ्या ठरल्या, असा हिशेब देऊन विषय मिटवला जातो.

हा हिशेब अपुरा आहे. दंतकथा ही एक अखंड वस्तू नसते. ती अनेक विधानांची जुळणी असते, आणि त्यांतील प्रत्येक विधानाचा आधार वेगळा असतो. उत्खननात सापडलेला अवशेष त्यांपैकी एखाद्या विधानाला पुष्टी देतो. पण वाचक आणि प्रेक्षक ती पुष्टी संपूर्ण कथेला मिळाली असे धरून चालतात. ‘हन्ली’च्या बाबतीत हे कसे घडले, आणि त्यात काय गमावले गेले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

२

या विचारासाठी आपल्या भाषेत एक फार उपयुक्त साधन आहे. ‘त्याला नोकरी लागली’ आणि ‘त्याला नोकरी लागली म्हणे’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे. फरक आहे तो बोलणाऱ्याच्या जबाबदारीचा. ‘म्हणे’ हे ‘म्हणणे’ या धातूपासून निघालेले असले, तरी येथे ते क्रियापद राहिलेले नाही. त्याला कर्ता नाही, वचन नाही, पुरुष नाही. ते केवळ एवढेच सांगते की, हे विधान बोलणाऱ्याने ऐकलेले आहे, पाहिलेले नाही. वाक्याच्या शेवटी आलेले ‘म्हणे’ तटस्थ असते. तेच वाक्याच्या आरंभी आले की अविश्वास आणि उपहास प्रकट करते : ‘म्हणे नोकरी लागली!’ म्हणजे एकच अव्यय आपले स्थान बदलून ऐकीव माहितीची नोंदही करते आणि तिची थट्टाही करते. कथा सांगणारा ‘म्हणे’ शेवटी ठेवतो. कथेचे खंडन करणारा ते आरंभी आणतो. सत्याचा निर्णय मात्र या दोन्ही वाक्यांत झालेला नसतो.

प्राचीन तर्कशास्त्रकारांनी हाच प्रश्न ‘ऐतिह्य’ या नावाने चर्चिला आहे. ज्या परंपरागत बोलण्याचा मूळ वक्ता कोण हे सांगता येत नाही, ते ऐतिह्य. ‘या वडावर यक्ष राहतो’ हे त्याचे ठरीव उदाहरण. नैयायिकांनी ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाण मानले नाही. मूळ वक्ता आप्त, म्हणजे जाणता आणि सत्यवादी, असेल तर ते शब्दप्रमाणात मोडते. नसेल तर ते प्रमाणच नव्हे, असा त्यांचा निर्वाळा आहे. या उदाहरणातील एक बारकावा मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. यक्ष अदृश्य आहे. वड मात्र गावातल्या कोणालाही दाखवता येतो. वडाच्या बुंध्याला हात लावून परतलेल्या माणसाला यक्षाची कथा अधिक खरी वाटू लागते. वस्तुतः त्याने पडताळा पाहिलेला असतो तो वडाचा.

संग्रहालय हे वड दाखवण्याचे स्थान आहे. तेथील फलकाला शब्दांची काटकसर करावी लागते, आणि इंग्रजीसारख्या भाषेत ‘म्हणे’चे काम बहुधा एखाद्या स्वतंत्र शब्दसमूहाने किंवा उपवाक्याने करावे लागते. काटकसरीत पहिली कात्री त्याच्यावरच चालते. फलकावर निर्विशेष विधान उरते आणि शेजारी वस्तू असते. ‘म्हणे’चा हा लोप कोणी लबाडीने करीत नाही, तो मांडणीच्या स्वरूपातूनच घडतो. म्हणूनच त्याच्याकडे लक्ष देणे अवश्य आहे.

३

प्रथम निर्विवाद भाग. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखून धरली होती. ती नाकेबंदी फोडण्यासाठी जेम्स मॅक्लिंटॉक, बॅक्स्टर वॉटसन आणि होरेस लॉसन हन्ली यांनी आधी दोन पाणबुड्या बांधून पाहिल्या. ‘पायोनिअर’ ही पहिली न्यू ऑर्लीन्स येथे सोडून द्यावी लागली. दुसरी मोबील बंदराजवळ बुडाली. तिसरी १८६३ मध्ये मोबील येथे तयार झाली आणि ऑगस्टमध्ये आगगाडीने चार्ल्स्टनला नेण्यात आली. तिला इंजिन नव्हते. सात माणसे एका रांगेत बसून हाताने दांडा फिरवीत, त्याने शेपटाकडील पंखा फिरे. आठवा मनुष्य पुढे बसून दिशा व खोली सांभाळी. आतली उंची सुमारे चार फूट. २९ ऑगस्ट १८६३ रोजी ती बुडाली आणि पाच माणसे गेली. ती वर काढली. १५ ऑक्टोबरला ती पुन्हा बुडाली. या वेळी स्वतः हन्लीसह आठ जण गेले. ती पुन्हा वर काढली, आणि तिसऱ्या तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट जॉर्ज डिक्सन याच्याकडे आले. या तुकडीचा शेवट वर सांगितलाच आहे. ‘हूसाटॉनिक’वरील पाच जण मेले. ‘हन्ली’ने स्वपक्षाचे एकवीस बळी घेतले.

शेवटच्या दोन संख्या शेजारी ठेवल्या म्हणजे ‘पहिली यशस्वी पाणबुडी’ या रूढ वर्णनातील विशेषण किती सैल आहे हे कळते. युद्धनौका बुडाली हे खरे. पण जी नौका परतली नाही तिला यशस्वी म्हणताना ‘यश’ या शब्दाचा अर्थ मुळात ठरवून घ्यावा लागतो. नावाचीही गोष्ट अशीच आहे. दक्षिणेच्या सरकारी युद्धनौकांना लावले जाणारे ‘सी. एस. एस.’ हे उपपद तिच्या नावामागे सर्रास लावले जाते. परंतु ती नौदलाच्या सेवेत रीतसर दाखल झालेली नव्हती. खासगी खटाटोपातून निर्माण झालेल्या एका धोकादायक यंत्राला तीन अक्षरांनी राज्याची प्रतिष्ठा बहाल केली.

४

आता सरळ खंडित झालेल्या कथा पाहू. पाणबुडी जुन्या बॉयलरचा नळा कापून व लांबवून बनवली होती, ही माहिती कोणा भटक्या गप्पिष्टाची नव्हे. तिच्या बांधणीत प्रत्यक्ष भाग घेतलेल्या विल्यम अलेक्झांडर या अभियंत्याने १९०२ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यांत ती आलेली आहे. नैयायिकांच्या कसोटीने हा वक्ता आप्त ठरावा : तो जाणता होता, आणि खोटे बोलण्यात त्याचा काही लाभ दिसत नाही. असे असूनही वर आलेल्या नौकेने त्याचे म्हणणे खोडून काढले. तिचा सांगाडा मुद्दाम पाणबुडीसाठीच घडवलेला आहे. तिची दोन्ही टोके पाणी सहज कापतील अशी निमुळती आहेत, आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची डोकी बाहेरून पृष्ठभागाशी सपाट बसवलेली आहेत. अडाणी काळातील ओबडधोबड जुगाड ही तिची प्रतिमा एका दिवसात पुसली गेली.

या प्रसंगाचा बोध असा की, वक्त्याचे नाव माहीत असणे आणि तो जाणता असणे एवढ्याने भागत नाही. घटना आणि कथन यांच्यामधील काळही मोजावा लागतो. अलेक्झांडर जवळजवळ चाळीस वर्षांनी बोलत होता. उलट, चित्रकार कॉनरॅड वाइज चॅपमन याने १८६३ च्या डिसेंबरात चार्ल्स्टनला ही नौका पाहून तिचे चित्रण केले होते, आणि त्या चित्रातील नौका सडपातळ व निमुळतीच आहे. पुरावा समोर होता. पण जाणत्याच्या शब्दापुढे चित्रकाराचा डोळा मागे पडला.

नऊ माणसांचा आकडाही असाच रूढ झालेला होता. आत आठ जणांचे अवशेष मिळाले, आणि दांड्यावरील जागा सातच निघाल्या. स्फोटकाची दांडी लाकडी असून ती नौकेच्या वरच्या अंगाला होती असे मानले जाई. ती लोखंडी असून नाकाच्या तळाशी बसवलेली आढळली. ‘हूसाटॉनिक’च्या फुटलेल्या अंगात पाणी घुसताना पाणबुडीही त्याच भगदाडात ओढली गेली, ही युद्धानंतर पसरलेली कथा तर केवळ नौका सापडल्याच्या जागेनेच निकालात निघाली. ती आपल्या बळीपासून काही अंतरावर, खुल्या समुद्राच्या बाजूस पडलेली होती. मारणारा आणि मरणारा एकमेकांच्या मिठीत तळाशी गेले, हा शेवट कथेला शोभणारा होता. तो घडला मात्र नाही.

५

दोन रकान्यांच्या पद्धतीचा खरा दोष खंडित कथांपेक्षा सिद्ध झालेल्या कथेत दिसून येतो. सोन्याच्या नाण्याची कथा अशी : मोबीलच्या क्वीनी बेनेट या तरुणीने युद्धावर निघालेल्या डिक्सनला वीस डॉलरचे सोन्याचे नाणे दिले, ६ एप्रिल १८६२ रोजी शायलोच्या लढाईत बंदुकीची गोळी त्याच्या मांडीला लागली, ती खिशातील नाण्यावर आदळली आणि त्याचा प्राण वाचला, पुढे ते वाकलेले नाणे त्याने मरेपर्यंत जवळ बाळगले. इतकी सुबक कथा अभ्यासकांना संशयास्पद वाटावी यात नवल नाही. ‘म्हणे’ आरंभी आणून बोलण्याजोगीच ती होती.

२००१ च्या मे महिन्यात पाणबुडीच्या आतील गाळ काढीत असता पुरातत्त्वज्ञ मारिया जेकबसन यांच्या हाती डिक्सनच्या अवशेषांजवळ ते नाणे लागले. १८६० सालचे, वीस डॉलरचे, वाकलेले. त्याच्या एका बाजूवर कोरलेल्या मजकुरात शायलो हे स्थळ, ६ एप्रिल १८६२ ही तारीख, ‘माझा जीवनरक्षक’ अशा अर्थाचे शब्द आणि डिक्सनच्या नावाची आद्याक्षरे आहेत. त्याच्या डाव्या मांडीच्या हाडावर गोळीच्या बऱ्या झालेल्या जखमेची खूणही मिळाली. दंतकथेच्या बाजूने याहून नाट्यमय साक्ष इतिहासात क्वचितच मिळाली असेल.

परंतु साक्ष नेमकी कशाची? कथेत निदान चार विधाने आहेत. डिक्सनजवळ नाणे होते. त्यावर गोळी आदळली. त्याने ते अखेरपर्यंत जवळ ठेवले. ते त्याला प्रेयसीने दिले होते. पहिली तीन विधाने नाण्याने, कोरीव मजकुराने आणि हाडाने सिद्ध केली. चौथ्याविषयी नाणे काही बोलत नाही. त्यावर देणाऱ्याचे नाव नाही. आहे ते फक्त बाळगणाऱ्याचे. आणि कथा लोकप्रिय झाली ती नेमकी या चौथ्या विधानामुळे. नाणे सापडल्यावर ‘दंतकथा खरी ठरली’ असे जे म्हटले गेले, त्यात पहिल्या तिघांची पुण्याई चौथ्याच्या खात्यावर जमा झाली. वड सापडला, यक्षही सापडला असे धरले गेले.

क्वीनीने नाणे दिलेच नव्हते, असाही याचा अर्थ नाही. ती परंपरा खरी असू शकेल. परंतु त्या एका वाक्यापुढचे ‘म्हणे’ काढून टाकण्याचा अधिकार नाण्याने कोणालाही दिलेला नाही, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

६

कधी कधी अवशेष जुन्या कथेला आधार देण्याऐवजी नव्या कथेला जन्म देतो. पाणबुडीतील जोसेफ रिजवे या खलाशाच्या गळ्याजवळ एक ओळखपट्टा सापडला. त्यावरील नाव एझ्रा चेंबरलिन याचे, म्हणजे कनेक्टिकटच्या सातव्या पलटणीतील उत्तरेच्या एका शिपायाचे निघाले. ताबडतोब तर्क सुरू झाले. उत्तरेचा शिपाई दक्षिणेच्या पाणबुडीत कसा? तो फितूर झाला होता काय? त्याला कैदी म्हणून दांडा फिरवायला बसवले होते काय? १८६४ पासून कोणाच्याही तोंडी नसलेली दंतकथा एका तांब्याच्या चकतीतून काही दिवसांत उगवली.

कागदपत्रे आणि अस्थिपरीक्षण यांनी हे तर्क शमवले. चेंबरलिन ११ जुलै १८६३ रोजी चार्ल्स्टनजवळ मॉरिस बेटावरील वॅग्नर तटबंदीच्या हल्ल्यात मारला गेला होता, आणि ज्याच्या गळ्याशी पट्टा होता तो मनुष्य वयाने त्याच्याहून मोठा होता. रणभूमीवरून उचललेली ती एक वस्तू असावी, हेच संभाव्य उत्तर आहे. तिच्यावर नाव कोरलेले होते, तरी ते नाव धारण करणाऱ्याचे नव्हते. नाण्यावरील अक्षरांनी धारकाची ओळख पटवली; पट्ट्यावरील अक्षरांनी तीच चुकवली. दोन्ही लेख अस्सल आहेत. लेख अस्सल असणे ही एक गोष्ट आणि त्याचा संदर्भ बरोबर लावणे ही दुसरी, हा कोरीव लेखांच्या अभ्यासकाला परिचित असलेला भेद येथे किती स्पष्ट दिसतो!

७

निळ्या कंदिलाची कथा भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक आहे. तिचे दोन मूळ आधार आहेत. सलिव्हन बेटावरील मार्शल तोफखान्याचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल डँट्झलर यांनी दोन दिवसांनी पाठवलेल्या अहवालात असे कळवले की, परतीसाठी दिवा दाखवावा म्हणून ठरलेल्या खुणा दिसल्या व त्यांना उत्तर देण्यात आले. या अहवालात रंगाचा उल्लेख नाही. दुसरा आधार शत्रुपक्षाचा. ‘हूसाटॉनिक’ बुडाल्यावर नेमलेल्या चौकशी न्यायालयापुढे रॉबर्ट फ्लेमिंग या कृष्णवर्णीय खलाशाने साक्ष दिली की, बुडत्या नौकेच्या डोलकाठीच्या दोरांवर चढून बसला असता त्याला मदतीला येणाऱ्या ‘कॅनन्डेग्वा’ नौकेच्या पुढे पाण्यावर ‘निळा प्रकाश’ दिसला. तो कोणी पेटवला होता, हे या साक्षीत नाही.

पुढच्या लेखकांनी दोन आधार एकत्र शिवले, आणि ‘निळा प्रकाश’ या शब्दांतून निळ्या काचेचा कंदील निर्माण झाला. पाणबुडीत कंदील खरोखरच सापडला. पण त्याची काच निळी नाही, साधी पारदर्शक आहे. यावरून काहींनी कथा मोडीत काढली. वस्तुतः दोन्ही बाजूंनी एकाच शब्दाला ठेच लागली होती. त्या काळच्या नौदलाच्या परिभाषेत ‘निळा प्रकाश’ हे एका दारूकामाच्या इशाऱ्याचे नाव होते. ते पेटवल्यावर डोळे दिपवणारा उजेड पडे व तो मैलोगणती दिसे. फ्लेमिंगच्या शब्दांना तेव्हा हा पारिभाषिक अर्थ होता. ती परिभाषा लोपली, शब्द मात्र सोपे असल्याने राहिले, आणि त्यांचा वाच्यार्थ घेतला गेला. अवघड शब्दाचा अर्थ हरवला तर वाचक कोश उघडतो. सोप्या शब्दाचा हरवला तर कोणालाच कळत नाही. दंतकथेच्या वाढीला अशी जमीन फार मानवते.

‘टॉर्पेडो’ या शब्दाचा प्रवास असाच आहे, आणि तो मराठी लेखकालाही सावध करणारा आहे. आज हा शब्द पाण्यातून स्वतःच्या गतीने धावणाऱ्या अस्त्राला लावतात, आणि मराठीत त्याला ‘पाणतीर’ हा नेमका प्रतिशब्द रूढ आहे. परंतु १८६४ मध्ये ‘टॉर्पेडो’ म्हणजे पाण्यातील कोणताही स्फोटक गोळा. ‘हन्ली’चा टॉर्पेडो तिच्या नाकाला बसवलेल्या सुमारे सोळा फुटांच्या दांडीच्या टोकाशी होता आणि त्यात सुमारे १३५ पौंड दारू होती. त्याला ‘पाणतीर’ म्हटले की तो दुरून सोडला, हे वाचकाच्या मनात आपोआप ठसते. ‘पाणसुरुंग’ म्हटले की तो जवळ नेऊन भिडवला, हे कळते. केवळ भाषांतरातील एका शब्दाने आठ माणसांचे मरणापासूनचे अंतर बदलते.

८

हे अंतर ही क्षुल्लक बाब नव्हे. सुरुंग शत्रूच्या अंगात रोवून पाणबुडी मागे सरकली आणि सुरक्षित अंतरावरून दोरी ओढून तिने तो उडवला, ही जुनी समजूत. संवर्धनकारांनी दांडीच्या टोकावरचे थर काढले तेव्हा तेथे सुरुंगाच्या तांब्याच्या आवरणाचा तुकडा, स्फोटाने मागे वळलेला, आढळला. २०१३ मध्ये हे जाहीर झाले. म्हणजे स्फोट झाला तेव्हा सुरुंग दांडीलाच होता, आणि माणसे त्याच्यापासून वीस फुटांच्या आसपासच होती. आठही जणांचे अवशेष आपापल्या जागी मिळाले. बाहेर पडण्याच्या झाकणाशी झुंबड झाल्याचे चिन्ह नाही. संकटसमयी सोडून देण्याची तळाची लोखंडी वजने सोडलेली नाहीत. ड्यूक विद्यापीठातील रेचल लान्स यांनी २०१७ मध्ये लहान प्रतिकृतीवरील प्रयोगांतून असा निष्कर्ष मांडला की, स्फोटाच्या लहरीनेच ती माणसे जागच्या जागी मेली. अमेरिकन नौदलाच्या इतिहास विभागाने या निष्कर्षाशी असहमती दर्शवली आहे.

वाद संपलेला नाही. परंतु त्याचा एक तार्किक परिणाम प्रदर्शनाच्या कथनाने टाळता येणार नाही. माणसे स्फोटासरशीच मेली असतील, तर नंतर निळा प्रकाश त्यांनी पेटवलेला नाही. तो त्यांनीच पेटवला असेल, तर मृत्यू दुसऱ्या कारणाने आणि नंतर आला. विजयाची खूण करणारे वीर आणि क्षणात निश्चल झालेले देह, अशी दोन्ही चित्रे एकाच दालनात गुण्यागोविंदाने नांदू शकतात. एकाच वाक्यात मात्र नांदू शकत नाहीत. ‘शांतपणे आपल्या जागी बसून त्यांनी मरण स्वीकारले’ यासारख्या वाक्यातील क्रियापदही तपासून घ्यावयास हवे. ‘स्वीकारणे’ या क्रियेला सचेत कर्ता लागतो. लान्स यांचे म्हणणे खरे असेल, तर तेथे स्वीकारणारा कोणी उरलाच नव्हता.

१७ एप्रिल २००४ रोजी या आठ जणांना चार्ल्स्टनच्या मॅग्नोलिया दफनभूमीत, आधीच्या तुकड्यांच्या शेजारी मूठमाती देण्यात आली. हजारो लोक जमले होते. कित्येकांच्या अंगावर दक्षिणेच्या सैन्याचा जुना गणवेश होता. मृतांना सन्मानाने पुरणे हे मनुष्यधर्माला धरूनच झाले. परंतु ज्या पक्षासाठी ते मेले, त्याचा हेतू कोणता होता? दक्षिण कॅरोलायनाने डिसेंबर १८६० मध्ये संघराज्यातून फुटून निघताना जो जाहीरनामा काढला, त्यात गुलामगिरीला असलेला उत्तरेचा विरोध हे कारण स्पष्ट शब्दांत दिलेले आहे. नाणे, प्रेयसी, कंदील आणि धैर्य यांच्या कथा जितक्या रंगतात, तितका हा जाहीरनामा दूर जातो. दंतकथा येथे खोटे सांगत नाही. ती श्रोत्याचे लक्ष दुसरीकडे वळवते. आठांपैकी चौघे युरोपात जन्मलेले होते, असे अस्थिपरीक्षणाने दाखवले, आणि दक्षिणेच्या मातीचे सुपुत्र हे समूहवाचक वर्णनही त्यामुळे अर्धे डळमळले.

येथे पुन्हा रॉबर्ट फ्लेमिंगकडे यावे लागते. त्या रात्री नौकेच्या नाकाशी पहाऱ्यावर असता पाण्यातून येणारी वस्तू त्याने पाहिली आणि अधिकाऱ्याला सांगितली. अधिकाऱ्याने तो ओंडका ठरवला. ओंडका भरतीओहोटीबरोबर वाहतो, ही वस्तू तशी वाहत नाही, हे फ्लेमिंगचे निरीक्षण बरोबर होते. पुढे त्याच फ्लेमिंगने शपथेवर सांगितलेल्या एका वाक्यावर निळ्या प्रकाशाची सारी कथा उभी राहिली. म्हणजे दक्षिणेच्या या वीरगाथेतील सर्वांत आवडता प्रसंग, ज्या माणसाच्या वंशाला दास्यात ठेवण्यासाठी ते राज्य फुटून निघाले, अशा एका माणसाच्या डोळ्यांवर विसंबून आहे. कथा सांगताना ‘निळा प्रकाश दिसला’ असे कर्त्याशिवाय म्हटले जाते. दिसला, पण कोणाला? वाक्यातून पाहणारा वगळला की ऐतिह्य तयार होते. येथे मूळ वक्ता अज्ञात नव्हता. त्याला अज्ञात करण्यात आले.

९

तेव्हा दंतकथेची चिकित्सा म्हणजे खऱ्याखोट्याची यादी, ही कल्पना सोडणे इष्ट. कथा आधी वाक्यांत सोडवावी. प्रत्येक वाक्याचा वक्ता कोण, तो घटनेपासून किती दूर उभा होता, त्याच्या शब्दांना त्या काळी कोणता अर्थ होता, हे विचारावे. आणि मगच अवशेष त्या वाक्याविषयी काही बोलतो की नाही, हे पाहावे. या रीतीने पाहिले असता बॉयलरची कथा जाणत्याच्या विस्मरणाची, नाण्याची कथा अर्ध्या पुराव्याने पूर्ण झालेल्या विश्वासाची, ओळखपट्ट्याची कथा संदर्भ चुकलेल्या अक्षरांची, आणि कंदिलाची कथा बदललेल्या अर्थाची व वगळलेल्या साक्षीदाराची आहे असे दिसून येते. ‘खोटी’ किंवा ‘खरी’ या एकाच शब्दात त्यांना कोंबले, तर यांतील एकही भेद हाती लागत नाही.

संग्रहालयाने कथा सांगूच नयेत, असे यातून निष्पन्न होत नाही. लोखंडाचा सांगाडा मुका असतो; त्याच्याकडे माणसे येतात ती कथांमुळेच. मागणी एवढीच की, ज्या वाक्याला ‘म्हणे’ लागते त्याला ते ठेवावे, आणि ज्याला साक्षीदार आहे त्याला त्याचे नाव द्यावे. नाण्याच्या शेजारी ‘हे प्रेयसीने दिले म्हणे’ असे लिहिल्याने नाण्याचे तेज कमी होणार नाही. आणि ‘निळा प्रकाश रॉबर्ट फ्लेमिंगने पाहिला’ असे लिहिल्याने फलक दोन शब्दांनी लांबेल, एवढेच.